पदवीचा लघुशोधप्रबंध स्वतःच्या बळावर : मराठवाड्यातील कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने चार वर्षांच्या पदवीचा जो आराखडा घालून दिला, त्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट निवडता येते आणि त्या वर्षीच्या प्रबंधाला १२ श्रेयांक असतात. तुम्ही या वाटेने जात असाल, किंवा तुमच्या महाविद्यालयात चौथे वर्ष नसतानाही केवळ स्वतःच्या ओढीने एखाद्या प्रश्नाचा पाठपुरावा करू इच्छित असाल, तरी काम सारखेच आहे आणि त्यातल्या अडचणीही सारख्याच आहेत. पदवीच्या विद्यार्थ्यांना अशा कामात मदत करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. प्रबंध बिघडतो तो शेवटच्या महिन्यात लिहिताना नव्हे, तर पहिल्या महिन्यात विषय ठरवताना. म्हणून या लेखाचा मोठा भाग विषय आणि साधने यांच्यासाठी दिला आहे.

विषयाचा प्रश्न करावा

विद्यार्थी पहिल्यांदा भेटायला येतो तेव्हा त्याच्या वहीत बहुधा ‘मराठवाड्यातील दुष्काळ : एक अभ्यास’ किंवा ‘हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे योगदान’ अशा धाटणीचे शीर्षक असते. असे शीर्षक घेतले की आठ-दहा महिन्यांच्या अवधीत एकच गोष्ट शक्य होते, ती म्हणजे आधीच्या पुस्तकांतील उतारे एकापुढे एक मांडणे. हा दोष विद्यार्थ्याच्या कष्टांचा नसतो. शीर्षकातच प्रश्न नसल्यामुळे नेमके काय शोधायचे हे त्याला कधी कळतच नाही.

‘मराठवाड्यातील दुष्काळ’ हाच विषय पायरीपायरीने उतरवून पाहू. आठ जिल्हे आणि अनेक दुष्काळ यांऐवजी एकच दुष्काळ घ्यावा. समजा, १९७२ चा. त्यातही संपूर्ण विभागाऐवजी आपल्या तालुक्यातील एक-दोन गावे घ्यावीत. त्या गावांच्या शिवारात त्या वर्षी दुष्काळी कामावर बांधलेला एखादा पाझर तलाव आजही उभा असण्याची शक्यता मोठी आहे. त्या कामावर कोण जात होते, बायका खडी फोडायला जाऊ लागल्यावर घरातील कामांची वाटणी बदलली का, मजुरी कोणाच्या हातात पडत होती, हे विचारता येते. मग प्रश्न असा तयार होतो : ‘१९७२ च्या दुष्काळी कामांवर मजुरीला गेलेल्या आमच्या गावातील स्त्रियांच्या आठवणींत स्वतःच्या कमाईला कोणते स्थान आहे?’ या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, उत्तर आधीपासून ठाऊक नाही आणि ते शोधण्यासाठी कोणाकडे जायचे हे स्पष्ट आहे.

माझी एक साधी कसोटी आहे. या प्रश्नाची निम्म्याहून अधिक साधने एस.टी.ने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरात असावीत. पदवीच्या विद्यार्थ्याजवळ प्रवासाचा निधी नसतो, बहुतेकांना घरच्या शेतीकडे किंवा अर्धवेळ नोकरीकडे पाहावे लागते, आणि दूरच्या अभिलेखागारावर टांगून ठेवलेला विषय दिवाळीनंतर गळून पडतो. जवळचा विषय घेणे ही तडजोड आहे असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नये. तुमच्या गावच्या तलावाविषयी जे तुम्ही लिहाल ते बहुधा अजून कोणीच लिहिलेले नसेल.

भाषेचा विद्यार्थी आपल्या आजीची आणि आपली बोली शेजारी ठेवून एखादाच क्रियापदप्रकार तपासू शकतो. ‘करायलोय’, ‘करायलास’ ही रूपे शिकलेल्या घरांत कोणासमोर वापरली जातात आणि कोणासमोर टाळली जातात, एवढा प्रश्नही पुरेसा आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला पंचायतीतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असलेल्या व्यवस्थेत आपल्या गावच्या ग्रामसभेची इतिवृत्ते वाचून कोणत्या मागण्या कोणाच्या तोंडून आल्या हे पाहता येईल. साहित्याच्या विद्यार्थ्याने जात्यावरच्या ओव्यांकडे पाहावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या असून त्यांतील पुष्कळ आज आंतरजालावर ऐकायला मिळतात. त्यांतील माहेरच्या वाटेची प्रतिमा आपल्या गावच्या ओव्यांशी ताडून पाहणे हा एका वर्षाचा नेटका विषय होतो.

मार्गदर्शक

मार्गदर्शकाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. ‘सर, एखादा विषय सुचवा’ असे म्हटले की त्यांच्या आवडीचा विषय पदरात पडतो आणि तो वर्षभर परकाच राहतो. त्याऐवजी एका पानावर आपला प्रश्न, तो का पडला, कोणती साधने दिसतात आणि कोणती अडचण वाटते, हे लिहून न्यावे. आपल्या विषयात प्राविण्य असलेले प्राध्यापक आपल्या महाविद्यालयात नसतील तर शेजारच्या महाविद्यालयातील किंवा विद्यापीठाच्या विभागातील अध्यापकांना नम्रपणे पत्र लिहावे. औपचारिक मार्गदर्शक एक आणि सल्ला देणारे दुसरे, अशी व्यवस्था अनेकदा चांगली चालते. दर पंधरवड्याला भेटीचा दिवस ठरवून घ्यावा आणि त्या भेटीआधी दोन पाने लिहिलेली असावीत, मग ती कितीही कच्ची असोत.

आधी काय लिहिले गेले आहे

विषय ठरल्यावर पहिला महिना-दीड महिना वाचनाचा. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि मराठवाड्याविषयीचे पुष्कळ काम तेथे आहे. मराठी विश्वकोश, जिल्हा गॅझेटियर आणि जनगणनेची जिल्हा पुस्तिका हीही आता घरबसल्या मिळतात. जुन्या मराठी पुस्तकांचा माग काढायचा असेल तर शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची पाहावी. १८०० ते १९५० या काळात छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांच्या नोंदी तिच्या दोन भागांत आहेत आणि जिल्ह्याच्या चांगल्या ग्रंथालयात ती मिळू शकते.

शोधगंगेवरील प्रबंधांबाबत एक सावधगिरी बाळगावी. तिथे काही प्रबंध उत्कृष्ट आहेत आणि काहींमध्ये एकच चुकीची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जशीच्या तशी उतरत गेलेली आहे. म्हणून एखादा आकडा किंवा अवतरण घेताना त्या प्रबंधकाराने ते कोठून घेतले हे तळटिपेत पाहून मूळ साधनापर्यंत जावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना संदर्भ विचारणाऱ्यांना हे अधिकच लागू आहे. ती साधने अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही खात्रीच्या सुरात सांगतात, त्यामुळे जे पुस्तक स्वतः उघडलेले नाही ते संदर्भसूचीत घालू नये.

वाचताना प्रत्येक नोंदीवर लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक त्याच क्षणी लिहावा. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले असतील तर अवतरणचिन्हे घालावीत आणि स्वतःचा विचार वेगळ्या रंगाच्या शाईने लिहावा. हे क्षुल्लक वाटते, पण सहा महिन्यांनी वहीतील एखादे सुंदर वाक्य आपले की दुसऱ्याचे हे आठवत नाही, आणि नकळत घडणाऱ्या वाङ्मयचौर्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

मराठवाड्याच्या साधनांची वेगळी रीत

पुण्या-मुंबईत तयार झालेली संशोधनपद्धतीची पुस्तके वाचून मराठवाड्याच्या इतिहासात उतरणारा विद्यार्थी काही ठिकाणी हमखास अडखळतो, कारण हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. कागद कोठे सापडतील, कोणत्या भाषेत असतील आणि त्यांवरील तारीख कशी वाचायची, हे सारे या प्रवासावर अवलंबून आहे.

संस्थानच्या मध्यवर्ती कारभाराचे दप्तर हैदराबादला तारनाका येथील तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहे आणि त्याचा मोठा भाग फारसी व उर्दू भाषांत आहे. छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाचे विभागीय कार्यालय आहे. तहसील कार्यालयांतील अभिलेख कक्षात खासरा पाहणीसारखी जमिनीची जुनी पत्रके असतात, तर गावपातळीवर मोडीतील कागद घराघरांतील ट्रंकांमध्ये निघतात. उर्दू किंवा मोडी येत नसेल तर दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक तर त्या लिपीची तोंडओळख करून घेऊन जाणकाराकडून कागद वाचून घ्यावेत आणि त्याचा उल्लेख ऋणनिर्देशात करावा, किंवा ज्या कागदांशिवाय उत्तर मिळणार नाही असा प्रश्नच निवडू नये. मराठवाड्यातील गावांत उर्दू सहज वाचणारे वयस्कर लोक अजून आहेत. निवृत्त शिक्षक, मशिदीतील मौलवी, आणि निजामाच्या काळी उर्दू माध्यमातून शिकलेले क्वचित एखादे हिंदू आजोबाही. एखाद्या गुरुवारी दुपारी त्यांच्यासमोर बसून एक अर्ज वाचून घेतला तर संशोधनपद्धतीच्या एका तासिकेपेक्षा जास्त शिकायला मिळते.

तारखेचा घोळ नेहमीचा आहे. संस्थानच्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली कारभारासाठी चालवलेली कालगणना, असतो. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो हे सूत्र सर्वांना ठाऊक असते, पण हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होत असे हे विसरले जाते. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासून ऑक्टोबर १९४८ च्या आरंभापर्यंतचे वर्ष. म्हणून सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाईही फसली १३५७ मध्येच पडते. केवळ बेरीज करून १९४७ लिहिणाऱ्याचा सगळा कालक्रम एका वर्षाने मागे सरकतो.

पैशांचेही तसेच. संस्थानात हाली सिक्का चालत असे आणि ब्रिटिश रुपयाला लोक कलदार म्हणत. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. जुन्या कागदात बैलजोडीची किंमत वाचून ती सोलापूर किंवा अहमदनगरच्या बाजारभावाशी ताडायची असेल तर आकडा कोणत्या नाण्यातला आहे हे आधी पाहावे.

जिल्ह्यांच्या सीमांकडे दुर्लक्ष झाल्याने तर आकडेवारीची संपूर्ण प्रकरणे वाया गेलेली मी पाहिली आहेत. निजामाच्या काळी मराठवाड्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे होते. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला. १९८१ आणि १९९१ च्या जनगणनेतील उस्मानाबाद जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवले तर लोकसंख्या एकदम घटलेली दिसते आणि विद्यार्थी स्थलांतरावर दोन पाने लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात मधल्या काळात लातूर बाहेर पडले होते. दीर्घकाळाची तुलना करायची असेल तर ती तालुक्याची किंवा गावाची करावी, आणि तालुक्यांचीही फेररचना झालेली असते हे ध्यानात ठेवावे. जुन्या कागदांतील मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, हे ठाऊक नसल्यामुळे हाती आलेले साधन सोडून दिल्याचेही एक उदाहरण मला माहीत आहे.

माणसांशी बोलणे

१९७२ साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज सत्तरीच्या आसपास आहे. तिची आठवण हे साधन आहे आणि ते फार काळ उपलब्ध राहणार नाही, म्हणून मुलाखती पुढे ढकलू नयेत.

वेळापत्रक आखताना महाविद्यालयाच्या दिनदर्शिकेपेक्षा गावाची दिनदर्शिका महत्त्वाची. बीड, धाराशिव आणि जालन्याच्या अनेक गावांतील कोयत्यावर जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ऊसतोडीवर लिहू पाहणारा विद्यार्थी डिसेंबरात गावात पोहोचला तर त्याला म्हातारी माणसे आणि कुलूपबंद दारेच दिसतील. त्याने एक तर सप्टेंबरपर्यंत पहिली फेरी उरकावी, किंवा फडावर जाण्याची तयारी ठेवावी. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असताना कोणाकडेही दोन तास मागू नयेत. जून-जुलैत प्रश्न, ऑगस्टपर्यंत वाचन, दसऱ्याआधी मुलाखतींची पहिली फेरी, दिवाळीनंतर शब्दांकन आणि दुसरी फेरी, जानेवारीपासून लेखन, असा क्रम या भागात निभावतो.

प्रश्नावलीतील प्रश्न वाचून दाखवल्यास माणूस सरकारी माणसाला द्यायची उत्तरे देतो. ‘दुष्काळात तुम्हाला फार त्रास झाला का?’ याला ‘लई झाला बाबा’ याखेरीज उत्तर नाही. त्याऐवजी ‘आजी, कामावर जाताना भाकरी कशाची नेत होतात?’ असे विचारावे. मग मिलोची लाल ज्वारी निघते, कामावर लेकरांना मिळणारी सुकडी निघते, मजुरी कोणी मोजून घेतली ते निघते, आणि तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर न विचारता समोर येते. वर्ष विचारू नये. ‘थोरल्याच्या जन्माआधी की नंतर’ असे विचारावे आणि घटनांची माळ आपण नंतर लावावी.

आजींना प्रश्न विचारला की उत्तर अंगणातून मुलगा किंवा मालक देतो, हा अनुभव सर्वांना येतो. त्याला अडवू नये, पण दुसऱ्या भेटीची वेळ दुपारची, पुरुष शेतात असतानाची ठेवावी. या कामात विद्यार्थिनींना जेवढी दारे उघडतात तेवढी विद्यार्थ्यांना उघडत नाहीत. मुलांनी बहीण किंवा आई सोबत नेली तर फरक पडतो. आजी, मावशी, काका, चाचा, खाला, जे नाते त्या घरात शोभेल त्याने हाक मारावी.

ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी आपण कोण, कशासाठी विचारतो आहोत आणि हे कोण वाचणार, ते सांगून परवानगी घ्यावी. सहीची सक्ती केली की गावात कागदाची भीती वाटते. मुद्रणाच्या सुरुवातीलाच तोंडी संमती नोंदवणे अधिक योग्य. नावे बदलण्याचे वचन दिले असेल तर ते नीट पाळावे, कारण दोनशे उंबऱ्यांच्या गावात ‘माजी सरपंचांची धाकटी सून’ एवढे लिहिले तरी व्यक्ती ओळखू येते. १९४८ ची पोलीस कारवाई किंवा नामांतराच्या काळातील हिंसा अशा विषयांवर बोलताना समोरच्याच्या घरातील जखम अजून ओली असू शकते. त्या वाटेने जायचे असेल तर मार्गदर्शकाशी आधी सविस्तर बोलून घ्यावे आणि समोरची व्यक्ती थांबली की आपणही थांबावे.

एका तासाच्या मुद्रणाचे शब्दांकन करायला नवशिक्याला पाच-सहा तास सहज लागतात. त्यामुळे वीस घाईच्या मुलाखतींपेक्षा आठ सावकाश घेतलेल्या मुलाखती बऱ्या. शब्दांकनात बोली जशी आहे तशी ठेवावी. ‘जायलो होतो’ याचे ‘जात होतो’ करू नये, कारण ती दुरुस्ती नसून साधनात केलेला बदल आहे.

आठवण हे साधन आहे याचा अर्थ ती तपासू नये असा नाही. ‘हमीच्या कायद्याने आम्हाला बहात्तरला काम मिळालं’ असे अनेक जण सांगतात. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आहे. येथे सांगणाऱ्याला खोटे ठरवून पुढे जाणे सोपे असते. त्यापेक्षा दुष्काळी कामे आणि नंतरची हमी त्यांच्या मनात एक का झाली, हक्काची भाषा मागच्या अनुभवावर कशी चढली, हा प्रश्न पुष्कळ मोलाचा आहे आणि प्रबंधातील एक स्वतंत्र प्रकरण त्यातून उभे राहू शकते.

लेखन

गृहीतक हवेच, असा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. आठवणींचा, ओव्यांचा किंवा एखाद्या कादंबरीचा अभ्यास करताना ओढूनताणून गृहीतक मांडण्यात अर्थ नाही. प्रश्न आणि उद्दिष्टे नेमकी असली की पुरे, असे माझे मत आहे. विद्यापीठाचा नमुना मात्र आधी मागून घ्यावा आणि त्यात गृहीतकाचा रकाना असेल तर मार्गदर्शकांशी बोलून तो भरावा.

पहिले प्रकरण पहिल्यांदा लिहू नये. ज्या प्रकरणाची सामग्री हातात सर्वांत भक्कम आहे तिथून सुरुवात करावी आणि प्रस्तावना अखेरीस लिहावी, कारण आपण काय सिद्ध केले हे तोवर कळलेले नसते. ‘मराठवाड्याचा भौगोलिक परिचय’ यावर वीस पाने खर्च करण्याची जी रूढी पडली आहे ती सोडावी. तलावावरील प्रबंधात पाऊस, माती आणि तालुक्याची पीकपद्धती यांची तीन पाने आवश्यक आहेत, अजिंठा-वेरूळची नाहीत. प्रत्येक परिच्छेदाने मूळ प्रश्नाला काही तरी जोडले पाहिजे. जे जोडत नाही ते परिशिष्टात टाकावे किंवा काढावे.

टंकलेखन शक्यतो स्वतः आणि युनिकोडमध्ये करावे. डीटीपी केंद्रावर जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरे विस्कटतात आणि साम्य तपासणाऱ्या प्रणालीला ती वाचताही येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे व संदर्भसूची त्या मोजणीतून वगळली जातात. परंतु नऊ टक्के उचलेगिरी चालते असा याचा अर्थ काढू नये. परीक्षकाला एका परिच्छेदातील भाषा अचानक बदललेली यंत्राशिवायही कळते.

मौखिकी आणि प्रती

मौखिकीत ‘हीच गावे का निवडली’ आणि ‘याची मर्यादा काय’ हे दोन प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात, आणि त्यांची उत्तरे प्रबंधात लिहिलेली असली तर घाबरण्याचे कारण उरत नाही. दोन गावांवरून सर्व मराठवाड्याविषयी निष्कर्ष काढलेला नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

बायंडिंगला देण्यापूर्वी एक फेरी गावात मारावी आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना त्यांच्यापुरती पाने वाचून दाखवावीत. एका विद्यार्थिनीने असे केले तेव्हा तिने ज्याला ‘गावतलाव’ म्हटले होते तो वेगळाच निघाला आणि १९७२ चा तलाव शिवेच्या पलीकडे होता, हे आजींनी तिला बाहेर नेऊन बोटाने दाखवले. तिने त्या रात्री एक नकाशा आणि दोन पाने बदलली. प्रती काढताना एक गावच्या वाचनालयासाठी जास्तीची काढावी, आणि मुद्रणे पेन ड्राइव्हवर भरून, ज्यांचा आवाज आहे त्यांच्या घरी आणि, त्यांनी परवानगी दिली असेल तर, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दिनांकासह जमा करावीत.